प्लग काढल्यावरची शीळ

आधीच सांगते, मी घाबरट नाही. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात संध्याकाळी पैंजणं वाजतात अशी आवई उठली होती, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी लिफ्टशिवाय हलेनात. मी त्याच जिन्यात पाट टाकून दोन किलो मटार सोलत बसले... पैंजण राहू दे, मांजरसुद्धा फिरकलं नाही. या पानावर लोक जे पांढऱ्या साडीचे, आपोआप हलणाऱ्या झोपाळ्यांचे अनुभव लिहितात, ते मी चहासोबत वाचते आणि हसते. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा. पण शेवटपर्यंत वाचून हसा.

मी सुलभा, वय बहात्तर. कांदिवलीला चारकोपमध्ये तळमजल्यावर राहते. घरात मुलगा, सून आणि त्यांची मुलगी सई, वय तेवीस. डोळे मोतीबिंदू काढल्यापासून झकास आहेत, गुडघे कुरकुरतात, आणि कान... कानांची वाट लागलेली आहे. डॉक्टरांनी काढलेला आलेख माझ्याकडे आहे. सुरुवातीला बरा चालतो आणि मग बागेतल्या घसरगुंडीसारखा धाडकन खाली. म्हणजे जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. “चिमण्या, घड्याळाची टिकटिक, हे आता विसरा आजी,” डॉक्टर म्हणाले होते. मी विसरले. चिमण्या तशाही राहिल्यात कुठे!

ही गोष्ट गेल्या वर्षीची, दिवाळीनंतरच्या एका शनिवारची. भर दुपारची. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं माझंही मत होतं.

सईला अंधेरीच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीने नोकरीसाठी परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं. कॉम्प्युटरवर एक विहीर बनवायची, तिच्याभोवती फिरता येईल अशी. पायऱ्या, शेवाळ, पाण्यात हलणारं ऊन, सगळं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं, पाचनंतर घेणार नाहीत. पोरगी दोन वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून कापून वैतागली होती. या कंपनीकडून दोनदा ‘नाही’ ऐकलं होतं, तिसऱ्यांदा परीक्षेपर्यंत पोचली. “आजी, हे गेलं ना, तर मी आयुष्यभर वरमाला स्लो मोशनमध्ये टाकत बसणार,” ती म्हणायची.

विहीर तयार होती. मी पाहिली होती, पाय ओले होतील असं वाटायचं. पण तिची शेवटची फिल्म काढायला, त्याला ही मुलं रेंडर म्हणतात, दमदार मशीन लागतं. जुना लॅपटॉप विहीर उघडली की तापून बंद पडायचा. म्हणून सईने आठ महिने एकेक पार्ट जमवून नवा गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडायचं ठरवलं. शेवटचा पार्ट आला शुक्रवारी. रेंडरला दीड तास, पाठवायला थोडा वेळ... म्हणजे सव्वातीनच्या आत मशीन चाललं पाहिजे, हा हिशेब तिने फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

शनिवारी सकाळी मुलगा-सून बदलापूरला एका लग्नाला गेले. डायनिंग टेबलावर चादर टाकून सईने सगळे पार्ट मांडले आणि आंघोळीला गेली. आता तुम्हीच सांगा, घरात नवं यंत्र आलं आणि त्याला हळद-कुंकू नाही? आमच्याकडे मिक्सरला लावलंय, इस्त्रीला लावलंय, वॉशिंग मशीनची तर मी ओटी भरली होती. मी गुपचूप करंडा आणला आणि एकेका पार्टाला बोट लावत गेले. दोन लांबट पट्ट्या होत्या, त्यांच्या काठाला बारीक सोनेरी दात. म्हटलं, हा याचा दागिना दिसतो... तिथेच भरपूर लावलं. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली. पदराने सगळं पुसलं आणि पेपर उघडून बसले.

साडेअकराला पेटी उभी राहिली. एका बाजूला काच, आत तीन पंखे. सईने बटण दाबलं. पंखे फिरले, निळे-जांभळे दिवे लागले, गणपतीच्या मखरासारखी रोषणाई! आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. आणि शेजारच्या मॉनिटरवर... काळोख. मग एक छोटी चौकट आली. नो सिग्नल. ती चौकट पडद्यावर इकडून तिकडे तरंगत राहिली, मग तीही विझली.

सईने मुलुंडच्या मैत्रिणीला, रेश्माला, फोन लावला. रेश्माने असली चार-पाच मशीन्स जोडली आहेत. फोन स्पीकरवर, मी स्पीकरला चिकटून.

“मॉनिटरची वायर कुठे लावलीस? बोर्डात का कार्डात?”

“कार्डात गं. मी काय पहिलीत आहे?”

“चिडू नको ना, मी स्वतः केलाय हा गाढवपणा. मॉनिटर नक्की चालू आहे?”

“टीव्हीच्या डब्याला लावून बघितला. दिसतंय सगळं.”

“बरं, बोर्डाच्या कडेला बारीक दिवे असतील. कुठला पेटलाय?”

सई वाकली. “लाल. रॅमच्या नावापुढचा.”

“रॅम म्हणजे कुठली गं?” मी विचारलं.

“त्या दोन लांब पट्ट्या, आजी. सोनेरी दातवाल्या.”

म्हणजे माझा दागिना! मी स्वयंपाकघरात गेले, धुतलेलं भांडं परत धुतलं. बाहेर आले, आत गेले. खुर्चीत टेकले की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. बाहेर सई पट्ट्या काढत होती, लावत होती, बटण दाबत होती, आणि दर वेळी ती चौकट. साडेबारा. एक. तिने झाकून ठेवलेलं जेवणाचं ताट उघडलंसुद्धा नव्हतं. सव्वा वाजता मला राहवेना.

“सई, एक सांगते. पण आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेव.”

सांगितलं. फोनवर रेश्मा इतकी हसली की तिच्या घरचं कुणीतरी ‘काय झालं’ विचारायला आलं.

“आजी, अक्षतापण टाकल्यात काय?”

“नाही गं बाई. तांदूळ आत अडकेल, एवढं कळतं मला.”

“कुंकू कळलं नाही ते!” सई ओरडली. ओरडली ते योग्यच.

रेश्माच्या सांगण्यावरून शाळेचं खोडरबर शोधलं आणि सईने ते सोनेरी दात घासले. खोडरबर गुलाबी झालं! मी मान खाली घालून बसले, पण मनात म्हटलं, सुटलो... कारण सापडलं. पट्ट्या पुन्हा बसवल्या. रेश्मा म्हणाली, “आता शंभर टक्के.” बटण दाबलं. पंखे, दिवे, रोषणाई.

नो सिग्नल.

एकेक पट्टी वेगळी लावून झाली. प्रत्येक खाचेत लावून झाली. दोन वाजून वीस मिनिटांनी रेश्मा म्हणाली, “मग रॅम गेली असेल, नाहीतर बोर्डच. आज काही होत नाही यार. सोमवारी दुकानात दे.” सोमवारी!

सईने फोन ठेवला. भिंतीतला प्लग उपसला, वायर गुंडाळून पेटीवर ठेवली. “कुंकवामुळे असतं ना, तर बरं झालं असतं, आजी,” ती म्हणाली. “पुसून तरी झालं असतं.” आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. नळाचा आवाज मला येतो, रडण्याचा येत नाही. पण नळ कशाला सोडतात, हे कळायला कान लागत नाहीत.

मी हॉलमध्ये एकटी. दारापर्यंत जायची, परत यायची. दारापर्यंत, परत. आणि तिसऱ्या का चौथ्या फेरीला, पेटीच्या बाजूने जाताना, मला ती ऐकू आली.

शीळ.

आता थांबा, ही शीळ काय ते सांगायला मला माझ्या तरुणपणी जावं लागेल आणि तिथली बाई मला फारशी आवडत नाही. तेवीस वर्षांची सुलभा. साकीनाक्याला एका टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत, टेस्टिंगच्या टेबलावर. गॉगल लावून बसस्टॉपवर उभी राहायची, ढगाळ हवेतसुद्धा! स्वतःच्या नाकापुढे दुनिया दिसायची नाही. डोक्यात भुसा, पण वेणी घट्ट.

तेव्हाचे ते जाडजूड काचेचे टीव्ही. चालू केले की चित्र यायच्या आधी आतून एक शीळ यायची. मच्छरापेक्षा बारीक, कानात सुई घातल्यासारखी. आम्हा पोरींना ऐकू यायची, चाळिशी उलटलेल्या सुपरवायझरना मुळीच नाही. ते म्हणायचे, तुम्ही मुली भास सांगता. सेटमध्ये काही बिघाड असला की ती शीळ थरथरायची. आणि माझ्या समोर बसायची वर्सोव्याची हिरा. कोळ्यांची मुलगी, सडसडीत, फारच कमी बोलणारी. ती चित्राकडे बघायचीच नाही. डोळे मिटून सेटच्या पाठीमागे बोट फिरवायची, आणि बिघाडाच्या जागी बोट आलं की तिच्या मते ती शीळ सरळ व्हायची, थरथर थांबायची. मला काही तो फरक कळायचा नाही. मला नुसतं किणकिण ऐकू यायचं. हिरा तोंडातल्या तोंडात म्हणायची, “खालचा डावा कोपरा.” आणि तेवीस वर्षांची सुलभा ताडकन हात वर करून म्हणायची, “सर, खालचा डावा कोपरा!”

दोन वर्षं असं चाललं. सर येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना सांगायचे, या मुलीचा कान बघा. मला लाइन लीडर केलं. हिरा तिथेच सोल्डरिंग करत राहिली. एकदा मला लाज वाटल्यासारखं झालं होतं, तर ती म्हणाली, “जाव दे गो. तुला आवडतं ना पुढं पुढं करायला, कर.” मी निर्लज्जासारखी हसले. लग्न झालं, नोकरी सुटली, मी तिला परत कधी भेटले नाही. वर्सोवा काही लंडनमध्ये नाही. पण नाही भेटले.

तर ती शीळ. पन्नास वर्षांनी, चपट्या मॉनिटरच्या जमान्यात, माझ्या घसरगुंडी कानांत. मी आधी कानाचं मशीन तपासलं, कारण ते कधीकधी शिट्टी मारतं. ते कानात नव्हतंच. त्याची बॅटरी गुरुवारी संपली होती आणि ते देवघराच्या खणात डबीत होतं. मी डबी उघडून पाहिलं. मुकं.

परत पेटीपाशी आले. शीळ थरथरत होती. मी खुर्चीवर बसले, उठले, लांब गेले... लांब गेलं की कमी, जवळ आलं की जास्त. मग मी काय केलं ते मला नीट सांगता येत नाही. मी डोळे मिटले आणि बोट पेटीच्या पाठीवरून फिरवायला लागले. जन्मात कधी न केलेली गोष्ट.

“आजी, काय करतेस?” सई दारात उभी होती, नाक लाल.

“गप्प. ऐक.”

“काय ऐकू?”

“शीळ येते ना बारीक?”

“नाही येत.” ती जवळ आली, पेटीला कान लावला. “काहीच नाही. आणि आजी... प्लग काढलाय.”

“मला दिसतोय प्लग.”

“मग आवाज कसा येईल? मशीनमध्ये करंटच नाही!”

ती घाबरली होती. मशीनला नाही, मला. म्हातारीचं डोकं फिरलं, आईला फोन करावा का, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी बोट फिरवत राहिले. मागचं झाकण उघडंच होतं, आत वायरींचा जुडगा. जुडग्याखाली बोट सरकवत, पत्र्यावरून, वर, बाजूला, खाली... आणि एका जागी शीळ सरळ झाली. मला कळलं! ज्या बाईला तेविसाव्या वर्षी तो फरक कळला नाही, तिला बहात्तराव्या वर्षी कळला. बोट हलवलं की थरथर. परत ठेवलं की सरळ.

“इथे,” मी म्हटलं.

“तिथे काही नाहीये. तो नुसता पत्रा आहे. पलीकडून बोर्ड.”

“मग बोर्ड काढ.”

“पुन्हा सगळं खोलू? अडीच वाजलेत आजी!”

“नाहीतर अडीच वाजता काय करणार आहेस? नळ सोडणार?”

हे लागलं तिला. रागारागाने स्क्रू काढायला लागली. सगळ्या वायरी, ते जाडजूड कार्ड, नऊ स्क्रू. मी बोट हलवलं नाही, हात भरून आला तरी. तिने बोर्ड उचलला आणि आत डोकावली.

बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली छोटे पितळी टेकू असतात, हे मला नंतर कळलं. सईने नऊ मोजून लावले होते. तिथे दहावा होता. पेटी बनवतानाच कुणीतरी बसवलेला, या बोर्डासाठी नको असलेला. तो बोर्डाच्या पाठीला नको तिथे टोचत होता, करंट पत्र्यात उतरवत होता. माझं बोट बरोबर त्याच्या मागे.

सईने पकडीने तो पिळून काढला. तो निघाला आणि शीळ थांबली. सुई मोडावी तशी, मध्येच. हॉल इतका शांत झाला की मला वाटलं, उरलेला कानही गेला.

तीन वाजून सात मिनिटांनी मॉनिटर उजळला. सई माझा दंड धरून उभी राहिली, नखं रुतेपर्यंत. रेंडर पावणेपाचला संपला. विहीर पाचला सहा मिनिटं असताना गेली. त्या दीड तासात मी किती फेऱ्या मारल्या ते शेजारच्या वहिनींनी विचारलं, भिंतीपलीकडे त्यांच्या कपाटाची भांडी वाजत होती म्हणे.

पुढे सईला कंपनीने बोलावलं, आता ती तिथेच कामाला आहे. पण तिने जे करायला नको होतं ते केलं. सगळ्यांना सांगितलं, आजीने शोधलं. आजीचा कान बघा! मी म्हटलं, अगं मी नाही शोधलं. तर म्हणतात, किती साधी आहे आजी, श्रेय घेत नाही. लोक मिक्सर घेऊन येतात, आजी ऐका ना जरा. एकाने स्कूटर आणली. मला झोप लागेना. जेवताना मध्येच उठायची. सई म्हणते, “तुला मागून त्या टेकूचं टोक दिसलं असेल, तुझ्याही नकळत.” असेल. पण वायरींच्या जुडग्याखाली? आणि शीळ? मी पुन्हा डॉक्टरकडे गेले, त्यांनी बंद खोलीत बारीक बारीक आवाज ऐकवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी शेवटची दहा मिनिटं बटणाला हातच लावला नाही. आलेख तोच. “आजी, तुम्ही सांगता तो आवाज तर मलाही ऐकू येणार नाही,” ते म्हणाले. ते पंचेचाळिशीचे.

शेवटी मी रिक्षा केली आणि वर्सोव्याला गेले. मासळी बाजारात विचारत विचारत घर सापडलं. हिरा ओट्यावर सुकट निवडत बसली होती. केस पांढरेशुभ्र, बोटं तशीच सडसडीत. मला बघून लगेच हसली, म्हणजे ओळखलं. मी बोलायला लागले, तर तिची सून बाहेर आली.

“आयेला ऐकू येत नाय, मावशी. बारा वर्षं झाली. अजिबात नाय. काय सांगायचंय ते मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहा, ती वाचते.”

मी ओट्याच्या कडेला बसलेच. आणि वाचायचा चष्मा घरी विसरलेला. मग काय, सुनेला सांगितलं, तू लिही. आणि सगळं सांगितलं. लीडर झाले ते, सर ते, गॉगलसुद्धा. शीळ, बोट, पितळेचा टेकू. समोरच्या दोन बायका जाळं विणायचं सोडून ऐकत होत्या. पुरी गल्ली ऐकत होती, जिला सांगायचं ती सोडून. सून लिहून लिहून थकली. शेवटी तिने सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहून सासूपुढे धरली. “ही म्हणते, कंपनीत तिने तुझे कान चोरले.”

हिराने वाचलं. पुन्हा वाचलं. मग हात पुढे करून माझा डावा कान पकडला, पोराचा पिरगाळतात तसा, आणि अख्खी गल्ली वळून बघेल एवढ्या मोठ्याने हसत म्हणाली, “मंग दे ना गो परत!”

मीही हसले. काय करणार! पण परतीच्या रिक्षात मला बसवेना. प्लग काढलेल्या यंत्रातून आवाज कसा येतो, तो माझ्या कानाला कसा लागतो, त्या दुपारी तिथे नक्की कोण ऐकत होतं? त्या दिवसानंतर ती शीळ मी ऐकलेली नाही. सई रोज बटण दाबते, आणि मी घरात कुठेही असले तरी हातातलं काम थांबतं.